कोहळ्याच्या मनातलं भय

धामणगाव रेल्वे या गावी रुळांलगतच्या जुन्या गोदामापुढे चपलांचा ढीग पडला होता. दारावर पाटी होती: ‘मनोविश्लेषण प्रशिक्षण व संशोधन संस्था’. एवढं लांबलचक नाव वाचूनच निम्मे लोक बरे होत. आत मनोगुरू चिदानंद एकेकाला पलंगावर आडवं करून विचारत, “बालपणी कोणाला भ्यालास?” मग म्हणे मनात दडलेलं भय बाहेर पडे आणि पलंग आपोआप गदगदा हलू लागे. लोक हात जोडत.

आरतीचे सासरे नत्थुजी रोज हलून येत. इकडे कपाशीवर बोंडअळी मातली होती, पण त्यांनी फवारणीच बंद केली होती. गुरूंनी बजावलं होतं, “अळी झाडावर नाही, तुझ्या अबोध मनात आहे.”

“मामाजी, सारी बोंडं पोखरून राहिली ना ते!” आरती रडकुंडीला आली.

“तुले दिसते, कारण तुया मनातबी हाये,” नत्थुजी शांतपणे म्हणाले.

आरती डोंगरावरच्या चिखलदऱ्याची. लग्न होऊन आल्यापासून गाड्यांच्या धडधडीनं तिचा डोळा लागला नव्हता. गावाला मात्र इतक्या वर्षांच्या सवयीनं गाडी ऐकूच येत नसे. मालगाडी आली की लोक नकळत आवाज चढवून बोलत, एवढंच.

त्या दिवशी ती सासऱ्यांना आणायला गेली. गुरूंनी खिडकीतून हिरवा सिग्नल पाहिला आणि मगच प्रश्न विचारला. पलंग हलला. आरतीनं वाकून पाहिलं, तर एका पायाखाली चक्क स्प्रिंग!

“गाडी आली म्हून हालला पलंग!” ती ओरडली.

“कोणती गाडी?” सगळ्यांनी एकदम विचारलं.

आरतीनं कपाळावर हात मारला. दारातल्या भाजीवाल्या गोदाबाईच्या टोपलीतला कोहळा उचलून तिनं पलंगावर ठेवला. लोक हसले. थोड्या वेळानं मालगाडी आली आणि कोहळा थरथरत घरंगळून खाली पडला.

“याले कोणाचं भेव हाये, गुरुजी?” गोदाबाईनं विचारलं.

“विळीचं,” गुरू सवयीनं बोलून गेले.

गोदाम हसण्यानं दणाणलं. नत्थुजी तेवढे हसले नाहीत.

“म्हंजे अळी झाडावरच हाये?”

“झाडावरच, मामाजी.”

“अन् मी इथं लोळून राहिलो!” ते तडक फवारणीचा पंप घेऊन शेतात गेले. अर्धी कपाशी गेली होती, अर्धी वाचली.

मनालाही आजार होतात आणि त्यांचे शिकलेले डॉक्टरही असतात. त्यांच्याकडे जायला मुळीच लाजू नका. पण कुठे पलंग आपोआप हलला, तर हात जोडण्याआधी एकदा वाकून खाली पाहा.