ताटलीखालचं नाव

"कोण गेलं?" मी विचारलं.

मागच्या दारात अट्रॅक्टा उभी होती. हातात ताटली, ताटलीत सफरचंदाचा टार्ट, टार्टवर इस्त्री केलेलं फडकं. मंगळवार, सकाळचे अकरा. आमच्या भागात या वेळी, या दाराने, असं काही झाकून घेऊन कोणी आलं तर विचारायला एवढाच प्रश्न उरतो.

"कोणी गेलेलं नाही. आत तर घे मला."

"फ्रान्सी?"

फ्रान्सी म्हणजे माझा नवरा. सकाळीच मेंढ्या बघायला डोंगरावर गेला होता. त्याची चारचाकी मोटारसायकल उतारावर कधीतरी उलटणार, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, एक त्याला सोडून.

"अगं, फ्रान्सीला काही झालेलं नाही. आत्ता पुलापाशी पाहिला मी त्याला. कुत्र्याला शिव्या घालत होता."

"मग टार्ट कशाला?"

अट्रॅक्टाने हातातल्या ताटलीकडे अशी नजर टाकली, जणू वाटेत कोणीतरी ती तिच्या हातात कोंबली असावी. "रिकाम्या हाताने कशी येऊ? मला दुसरं काही सुचलंच नाही."

मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ती बिचारी तशीच उभी.

"हसू नकोस, ब्रीडा. तुझ्या स्मिअर तपासणीचं सांगायला आलेय. सहा वर्षांपूर्वीच्या."

"सांग की! फ्रान्सी जिवंत आहे ना? मग काय वाटेल ते सांग."

*

प्रश्न ४. *आपल्या जुन्या तपासणीच्या फेरवाचनाचा निष्कर्ष आपल्याला कोणी, केव्हा व कसा कळवला? (तीन ओळींत.)*

*आमच्या नोंदीनुसार: आपल्या डॉक्टरांनी, मार्च २०१७ मध्ये, प्रत्यक्ष भेटीत. नोंद बरोबर असल्यास खाली सही करावी.*

तुमच्या चौकशी समितीच्या कागदावरच्या तीन ओळी संपल्या तेव्हा अट्रॅक्टा अजून दारातच होती. म्हणून पुढचं सगळं फ्रान्सीच्या मेंढ्यांच्या वहीतली पानं फाडून लिहिलं आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात जंतांच्या औषधाची जाहिरात आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नये.

*

प्रश्न १. *नाव, वय, व्यवसाय.*

ब्रीडा लॅव्हेल. पंचावन्न. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते, उतरवते आणि मधल्या वेळात एकमेकांपासून सोडवते. सव्वीस वर्षं. सध्या रजेवर.

प्रश्न २. *तपासण्यांचा तपशील.*

तो तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गावातल्या दवाखान्यात नर्सने स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा नमुना, घेतला. चार आठवड्यांनी पत्र आलं: दोष आढळला नाही, पुढची तपासणी तीन वर्षांनी. ते पत्र मी फ्रिजच्या दारावर लावलं होतं. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं होतं मला.

तीन वर्षं पुरी व्हायच्या आत रक्त जायला लागलं. गर्भाशयाच्या मुखाशी गाठ. मग गॉलवेचं इस्पितळ, किरणांचं मशीन, अठ्ठावीस फेऱ्या. तिथे एक मुलगी होती. मशीनखाली झोपवण्याआधी माझ्या पायांत लोकरीचे मोजे चढवायची. म्हणायची, "पाय गार पडले की माणूस हलतं, मावशी." तिचं नाव मला कळलं नाही. तुमच्या कागदात आभारांचा रकाना असता तर मोज्यांची मुलगी असं तरी लिहिलं असतं.

२०१५ मध्ये मी बरी झाले. सगळ्यांनी तसं सांगितलं आणि माझा विश्वास बसला.

*

आता पुन्हा स्वयंपाकघरात. अट्रॅक्टा आली आहे, टार्ट टेबलावर आहे, चहा ओतलेला आहे, तिचा कप तिने हातही न लावता ठेवला आहे.

अट्रॅक्टा फीरिक आमच्या दवाखान्याची नर्स. गावातल्या अर्ध्या मुलांना तिने सुया टोचल्या आहेत, तेव्हा ती रस्त्याने निघाली की पोरं अजून दंड झाकतात.

तिने कोटाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला.

"ज्या बायकांना हा आजार झाला, त्यांच्या नमुन्यांच्या जुन्या काचपट्ट्या तपासणीवाल्यांनी परत काढून वाचल्या," ती म्हणाली. "तुझीही वाचली. तुझ्या पट्टीवर तेव्हाच दिसायला हवं होतं म्हणतात."

"तेव्हाच म्हणजे?"

"दोन हजार अकरालाच. वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलं."

"हे पत्र कधीचं?"

"गेल्या जूनमधलं. डॉक्टरांच्या नावाने आलं. पेशंटला सांगायचं की नाही ते डॉक्टरांनी ठरवावं, असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, ती बरी झालीये, आता कशाला जिवाला घोर? फाइलला लाव." तिने कागदाची घडी परत घातली, परत उलगडली. "आणि मी लावलं. नऊ महिने. सकाळी बसमधून तू मला हात करायचीस. मीही करायचे."

"मग आज काय झालं?"

"आज काही नाही झालं. आज कपाट उघडलं आणि मला ते बंदच करता येईना. त्यांना विचारलं नाही मी. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, मग मला त्यांचं ऐकावं लागलं असतं."

"पण तुझी काय चूक यात? वाचणारा भलताच कोणी."

"तो कुठे बसला होता कोण जाणे, समुद्रापलीकडे म्हणतात. पण नमुना मी घेतलाय, ब्रीडा. बाटलीवर माझ्या हातचं नाव आहे. तुला पाय सैल सोड म्हणणारी मीच होते."

मग तिने टार्ट कापला. आम्ही दोघींनी तो खाल्ला. साखर थोडी कमी होती.

कसा कळवला, असं तुम्ही विचारलंय. तर तो असा कळवला की मला कळलं तेव्हा मी आनंदात होते. नवरा जिवंत असल्याचा आनंद इतका मोठा होता की ती बातमी त्याच्यामागे कुठेतरी उभी राहिली. राग गुरुवारी आला, बसमध्ये मुलं मोजताना. एकोणीसच्या पुढे मला आकडाच आठवेना. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

*

प्रश्न ५. *ही माहिती मिळाल्याने आपल्या उपचारांत काही फरक पडला काय? (होय / नाही)*

होय.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, "सव्वीस वर्षं बसमध्ये वाकताय बाई तुम्ही, पाठ नाही दुखणार तर काय?" आधीची ब्रीडा घरी जाऊन शेकत बसली असती. पण एकदा पास म्हणून कळवलेला निकाल चुकलेला असू शकतो, हे मला ठाऊक झालं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, फोटो काढल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाही." बाहेर सात पेशंट होते. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

आजार परतला होता. पण ज्या जागी सापडला, तिथे अजून काही करता येत होतं. गॉलवेचे लोक म्हणाले, आणखी दोन महिने उशीर झाला असता तर काहीच करता आलं नसतं. त्यामुळे मला गेला नाताळ मिळाला. जूनमध्ये मुलीचं, ऐलीशचं, लग्न मिळालं. मी निळी टोपी घातली होती आणि एक अख्खा नाच नाचले, जरी तो फ्रान्सीबरोबर असल्याने त्याला नाच म्हणणं धाडसाचं आहे.

आता किती, ते गॉलवेत कोणी सांगत नाही. "बघू या," म्हणतात.

*

चुकलेल्या निकालांचं सगळं प्रकरण रेडिओवर फुटलं ते या वसंतात. तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूने. आमच्या बाजूने ते असं होतं. मंत्री म्हणाले, प्रत्येक बाईला कळवलं जाईल, आणि ज्या कुणाला शंका असेल तिने फुकट पुन्हा तपासून घ्यावं. हे दवाखान्यातल्या नर्सना कुणी आधी सांगितलं नव्हतं. अट्रॅक्टा तेव्हा गाडीत होती, तिनेही ते रेडिओवरच ऐकलं. ती पोहोचली तेव्हा रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती.

"मंत्रीसाहेब बोलून मोकळे झाले," ती फोनवर म्हणाली. "आता बाटल्या कोण आणणार, त्यांच्या आईसाहेब?"

बाटल्या तिने कुठून कुठून मिळवल्या. नमुने घेतले, पाठवले, आणि ते कुठल्याशा रांगेत वीस वीस आठवडे पडून राहिले. बायका येऊन तिच्यावर ओरडायच्या. ती ऐकून घ्यायची. मंत्र्यांच्या वाटणीचंही तिनेच ऐकलं.

ऐलीश तेव्हा म्हणाली होती, "मी नाही जायची तपासायला. तुला काय मिळालं गं त्यातून?"

"अट्रॅक्टा मिळाली," मी म्हटलं. "गप जा."

गेली. उत्तर अजून यायचं आहे, पण गेली.

ऑगस्टमध्ये चौकशीसाठी तुम्ही आम्हा बायकांना हॉटेलात बोलावलंत. तुमच्यातले एक गृहस्थ प्रत्येकीपाशी जाऊन वाकून बोलले. मला म्हणाले, "तुम्हाला निदान तुमच्या डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं, हे आमच्या नोंदीत आहे." माणूस चांगला होता. माझ्यासाठी खुर्चीवर उशी त्यांनीच आणली. मी आभार मानले आणि ते उशीचे होते.

मग घरी हा कागद आला. डॉक्टरांचं नाव आधीच छापलेलं. मी फक्त सही करायची.

*

"कर की सही," फ्रान्सी म्हणाला. तो चुलीपाशी बूट वाळवत होता. "डॉक्टर मोठा होतो तर होऊ दे. अट्रॅक्टा तर वाचते."

"खोटं आहे ते."

"असेल. पण परवानगीशिवाय फाइलमधून कागद काढलाय तिने. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. डॉक्टरला तोंडघशी पाडलंस तर तो तिला तिथे ठेवेल? वर नर्सांच्या मंडळापुढे उभी करतील ते वेगळंच. ज्या बाईने तुझ्यावर उपकार केले तिला तू फासावर देणार?"

फ्रान्सी वर्षातून दोनदा बरोबर बोलतो आणि ते नेहमी नको त्या वेळी. मी चार दिवस कागद ब्रेडच्या डब्यामागे उभा करून ठेवला. सही केली तर अट्रॅक्टा सुरक्षित राहत होती, पण माझ्या स्वयंपाकघरातला तो मंगळवार डॉक्टरांच्या नावावर जात होता.

पाचव्या दिवशी मी तिला फोन केला. छापलेली ओळ वाचून दाखवली.

"प्रत्यक्ष भेटीत!" ती म्हणाली. "टार्ट पण त्यांनीच भाजला म्हणावं."

"अट्रॅक्टा, मी काय करू? तू सांगशील ते करते."

"तुला काय करावंसं वाटतं?"

"मला तुझं नाव लिहावंसं वाटतं. पण तुझी नोकरी..."

"माझी ताटली आहे का अजून तुझ्याकडे?"

होती. दीड वर्ष होती. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत, आणि मला काही भाजायला उभं राहणं जमलं नव्हतं.

"उलटी कर," ती म्हणाली.

मला माहीत होतं खाली काय आहे. कुणाच्या घरी कोणी गेलं की सगळ्या गावाच्या ताटल्या तिथे जमतात. आपली आपल्याला परत मिळावी म्हणून बायका खाली नाव चिकटवतात. अट्रॅक्टाचं नाव दवाखान्यातल्या चिकटपट्टीवर होतं, निळ्या शाईत. किती घरांत धुतलं गेलेलं, तरी वाचता येत होतं.

"तीस वर्षं मी दुःखाच्या घरात नाव लावून ताटली नेते," ती म्हणाली. "तुझ्याकडे काही चोरून आले नव्हते मी. लिही. आणि आडनावात ई दोनदा येते, नीट लिही, सरकारी कागद आहे."

मग म्हणाली, "घाबरले नाही असं नाही हं." आणि फोन ठेवला.

*

प्रश्न ४, दुरुस्ती.

छापलेली ओळ मी खोडली आहे, फूटपट्टी लावून, एकाच रेघेने, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं आहे: अट्रॅक्टा फीरिक, नर्स. मंगळवार, सात मार्च. मागच्या दाराने. नाव ताटलीवरून अक्षर न् अक्षर बघून लिहिलं आहे. या बाईमुळे मला हे एक वर्ष मिळालं. तिला कुठल्या मंडळापुढे उभी करायची असेल, तर माझा हा कागद तिथे आधी वाचावा. तेव्हा मी असेन किंवा नसेन, सही माझीच आहे.

प्रश्न ९. *आणखी काही सांगावयाचे आहे काय?*

आज फ्रान्सीने चहाबरोबरचे छोटे पाव, स्कोन, भाजले, आयुष्यात पहिल्यांदा. मी खुर्चीतून सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. बारापैकी सहा खाण्यासारखे झालेत. ते अट्रॅक्टाच्या ताटलीत ठेवले आहेत. खालची नावाची पट्टी मी काढलेली नाही.

उद्या तो मला गाडीने तिच्या घरी नेणार आहे. ताटली माझ्या मांडीवर असेल. मागच्या दाराने जाणार नाही आणि वर फडकंही घालणार नाही. पुढचं दार वाजवणार आहे, म्हणजे उघडल्या उघडल्या तिला दिसेल की कोणी गेलेलं नाही.