मिस्त्री आत आहेत

ज्येष्ठ मंडळाची वर्गणी भरायला चार दिवस उरले होते, तेव्हा रविवारी जेवताना मिस्त्रींच्या मुलाने विषय काढला. मुलगा विमा कचेरीत कामाला. कुठल्याही गोष्टीचा फायदा काय, हे विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"बाबा, वर्षभरात या मंडळाच्या कार्डावर घेतलंत काय तुम्ही?"

"काय घ्यायचं असतं?"

"तपासणीला गेलात?"

"मला काय धाड भरलीय?"

"सहलीला?"

"गुडघे."

"चष्म्याची सवलत?"

"तो चष्मेवाला पांढरे केस दिसले की सगळ्यांनाच देतो."

"मग झालं तर! त्यात यंदा वर्गणी वाढवलीय. मला विचाराल तर पैसे पाण्यात."

मिस्त्रींनी ताटात मान घातली. पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. ओळंबा न लावता नुसत्या नजरेने भिंत सरळ की वाकडी सांगणारा. पण बोलण्यात मुलापुढे त्यांचा टिकाव लागत नसे. आणि खरं तर मुलाच्या हिशेबाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांना खात होतं ते वेगळंच.

मंडळाची जागा म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बसायचं, मागची सामानाची; तिला गल्लीकडे वेगळं दार. चार वर्षांपूर्वी मिस्त्री पहिल्यांदा आले, तेव्हा दारातली पायरी निखळलेली दिसली. दुसऱ्या दिवशी ते थापी आणि घमेलं घेऊनच आले. पायरी झाली, मग मोरी झाली, मग खिडकीचा कट्टा. लोक म्हणायचे, "मिस्त्री आहेत म्हणून छप्पर उभं आहे." मिस्त्रींना ते ऐकायला बरं वाटायचं. शेवटी उरली होती मागच्या खोलीतली ओल धरलेली भिंत. शनिवारी तिचाही गिलावा संपला. थापी धुताना त्यांच्या मनात आलं, आता या जागेत दुरुस्त करण्यासारखं काही राहिलं नाही. मग आपलं इथे काय काम? थापीशिवायचा मिस्त्री कुणाला हवा आहे?

हे मुलाला सांगणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी मनाशी एक परीक्षा ठरवली.

मंडळात एक रीत होती. घड्याळं दुरुस्त करणारे एक सभासद घरात पडले आणि दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासून ती सुरू झाली. ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. घरी जाताना खुर्चीचं तोंड भिंतीकडे करायचं, आलं की टेबलाकडे. दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही. अकराच्या ठोक्याला नर्सबाई, म्हणजे मंडळाच्या चिटणीस, खोलीवर नजर फिरवायच्या. एखादी खुर्ची भिंतीकडे तोंड करून दिसली की दोन माणसं त्या घरी रवाना.

मिस्त्रींनी ठरवलं, सोमवारपासून जायचं नाही. विचारायला आले, तर वर्गणी भरायची. नाही आले, तर राम राम.

सोमवारी ते अकरापासून खिडकीत बसले. साडेबारा झाले, कुणी फिरकलं नाही. दोघं पायीपायी येत असतील, म्हाताऱ्यांना वेळ लागतो, अशी त्यांनी समजूत घातली. मंगळवारीही तेच. वेळ जाईना म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली फळी काढून दोन बोटं खाली बसवली.

"अहो, ती होती तिथे माझा हात पोचत होता!" बायको म्हणाली.

"आता जास्त पोचेल."

"आता डोकं पोचतंय. जा ना बाई तुमच्या मंडळात! वर्गणी मी भरते हवी तर."

बुधवारीही दार वाजलं नाही. मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. वर आणखी एक काळजी होतीच. नव्या गिलाव्यावर रोज पाणी मारावं लागतं, आणि तीन दिवस भिंत कोरडी होती. भिंतीची आठवण आपल्याला येते, आपली कुणालाच नाही, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, ते थापी आणि घमेलं परत आणायला निघाले. कार्ड टेबलावर ठेवायचं, हत्यारं उचलायची, एक शब्द बोलायचा नाही.

पुढच्या दारातून ते आत शिरले. पत्ते पिसत बसलेल्या निवृत्त पोस्टमनने वर पाहिलं.

"हे काय, आज पुढून?"

"म्हणजे?"

"भिंतीचं काम सुरू झाल्यापासून मागच्या दाराने येता, म्हणून म्हटलं. झाली का भिंत?"

मिस्त्रींना काही कळेना. नर्सबाई वर्गणीची पावती लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चहा आत पाठवू की आज इथे घेता?"

"कसला चहा? मी सोमवारपासून घरी आहे!"

पोस्टमनसमोर बसलेले शिंपीकाका खुर्चीतून अर्धे उठले. नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मिस्त्रींच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. खुर्ची टेबलाकडे तोंड करून होती.

आता मिस्त्रींना आठवलं. शनिवारी आल्यावर त्यांनी ती फिरवली होती. मग दिवसभर मागे काम केलं, थापी-घमेलं गल्लीतल्या नळावर धुऊन आत ठेवलं आणि तसेच मागच्या मागे घरी गेले. खुर्ची वळवायला पुढे आलेच नाहीत.

"आणि वर शनिवारी आतूनच बजावलंत, ओला गिलावा आहे, मी सांगेपर्यंत दार उघडायचं नाही," शिंपीकाका म्हणाले. "आम्ही तीन दिवस हळू बोलतोय."

"हाक तरी मारायची!"

"मारली की. तुम्ही कामात असलात की ओ देता का कधी?"

नर्सबाईंचा आवाज एकदम चढला. "पण चहाचा कप रोज रिकामा परत यायचा! पोस्टमन, कप तुम्ही नेत होतात, चहा कोण प्यायलं?"

पोस्टमनला साखरेचा आजार. नर्सबाईंच्या हुकमाने त्याला दिवसाला एकच कप, तोही फिका. त्याने पत्ते पुन्हा पिसायला घेतले.

"दाराशी ठेवायचो. मिस्त्री नळावर असतील म्हटलं. आता गार चहा कुणाला देतात का?"

"तीन दिवस?"

"तिन्ही दिवस गार झाला बाई, मी काय करू!"

शिंपीकाका इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मिस्त्रीही हसायला लागले. पण नर्सबाईंकडे पाहिलं आणि थांबले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तीन दिवस तुम्ही खरंच घरात पडून असता, तर?"

मिस्त्रींना आता गप्प राहवेना. "आजारी नव्हतो मी. कुणी विचारायला येतं का, ते बघत होतो."

"का?"

"भिंत संपली. म्हटलं, आता माझी गरज काय."

"मिस्त्री," नर्सबाई म्हणाल्या, "चार वर्षांत या खुर्चीत तुम्ही एकदा तरी बसलात का? नुसती फिरवता आणि आत जाता. आम्हाला तुमच्या हातची पायरी माहीत आहे, मोरी माहीत आहे. माणूस आत असला काय आणि नसला काय, कळलं नाही, यात आमची चूक किती आणि तुमची किती?"

मिस्त्री मागच्या खोलीचं दार उघडून भिंत पाहायला आत गेले. पाण्यावाचून तिला बारीक भेगा गेल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचा हात सवयीने थापीकडे गेला.

"राहू द्या ती थापी," बाहेरून शिंपीकाका ओरडले. "आधी इकडे या. हा पोस्टमन म्हणतो, उंच माणसाचे गुडघे आधी जातात. मी जन्मभर विजारी शिवल्या, मला ठाऊक आहे, बुटक्याची विजार गुडघ्यावर आधी विरते. तुम्ही सांगा."

मिस्त्री थापी हातात घेऊनच दाराशी आले. मग त्यांनी थापी ठेवली, खिशातून वर्गणीचे पैसे काढून नर्सबाईंपुढे ठेवले आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

"दोघंही चूक," ते म्हणाले. "बांबूच्या परांचीवर चढतो त्याचे आधी जातात. उंची बघून काय करता?"

"हे तर काहीच्या बाहीच!" पोस्टमन म्हणाला. "मी आयुष्यात परांची चढलो नाही. मग माझे कसे गेले?"

"तुमचे फुकटचे चहा पिऊन गेले."

"तिघांनाही काही कळत नाही," नर्सबाई पावती फाडत म्हणाल्या. "तीस वर्षं मी हाडांच्या वॉर्डात काढली. ऐका आता."

पण मिस्त्री ऐकायला तयार नव्हते. त्यांना अजून बरंच सांगायचं होतं.