चौथा पट्टा

जेजू बेटावरच्या दोदू बंदराच्या कोपऱ्यावरचं नूडल्सचं दुकान तीस वर्षं 'ग्युसोकच्या आईचं दुकान' म्हणून ओळखलं जायचं. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानेच आईला हाक मारतात, तिचं स्वतःचं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. पण गेली दोन वर्षं मासळीवाल्या बायका, टॅक्सीवाले, झाडून सगळे एकच म्हणायला लागले होते: 'कॅप्टनच्या आईचं दुकान.' आणि कॅप्टन ग्युसोक नव्हता. कॅप्टन होता धाकटा, इनसोक.

हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा ग्युसोक दुकानातच सूप पीत बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला, बाहेर पडला आणि उगाचच बंदरावर दोन चकरा मारल्या. परत आला तोवर सूप गार झालं होतं. आईने ते पुन्हा गरम करून दिलं.

यांग आडनावाचे हे दोघेही भाऊ वैमानिक. ग्युसोक बेचाळीस वर्षांचा, थेसान एअरमध्ये, म्हणजे देशातल्या जुन्या, बड्या कंपनीत. तिथे नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या गल्लीला डुकराचं मटण खिलवलं होतं. इनसोक सहा वर्षांनी लहान. त्याला थेसानने मुलाखतीत दोनदा नापास केलं, तेव्हा तो हानुल एअर नावाच्या नव्या स्वस्त कंपनीत चिकटला. त्या वेळी हानुलकडे मोजून पाच विमानं होती. शेपट्या नारिंगी, आणि बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे.

"अरे, पंख लावलेली बस आहे ती," ग्युसोक तेव्हा म्हणाला होता. "तिकिटं फाडायचं कामही तुझ्याच गळ्यात घालतील बघ."

सगळे हसले होते. इनसोकही हसला होता.

त्या पाचाची आता तीस विमानं झाली होती. तिकीट सोलमधल्या टॅक्सीपेक्षा स्वस्त. कॉलेजची पोरं शनिवारी नूडल्स खायला जेजूला यायची आणि संध्याकाळी परत जायची. सोलहून दर चार-पाच मिनिटांनी एक विमान दुकानाच्या डोक्यावरून उतरायचं आणि रश्श्याच्या भांड्यावरचं झाकण थरथरायचं. विमानं वाढली की कॅप्टन लागतात, म्हणून इनसोकच्या खांद्यावर सहा वर्षांत कॅप्टनचा चौथा पट्टा आला. थेसानने मात्र या चढाओढीत मार खाल्ला, जेजूच्या फेऱ्या कमी केल्या, मागवलेली विमानं रद्द केली. तिथली बढती यादीने व्हायची. ग्युसोकचा नंबर एकशे अठरा होता, तो तीन वर्षांत एकशे अकरावर आला. सहवैमानिकाचे तीन पट्टे अकरा वर्षं तसेच. हानुलने नवं विमान घेतल्याची बातमी आली की ग्युसोक पेपर उलटा घडी करून ठेवायचा, कारण तिकडे एक विमान वाढलं की इकडे त्याची यादी आणखी रेंगाळायची. सख्ख्या भावाची भरभराट अशी याच्या मुळावर आली होती, आणि तक्रार करायची तरी कुणाकडे?

त्यातून दुकानातला तो फोटो. गल्ल्याच्या वर, ऐन मोक्याच्या जागी, चार पट्ट्यांतला इनसोक दात काढून हसत होता. तिथे पूर्वी ग्युसोकचा फोटो असायचा. खरं सांगायचं तर तो त्याने स्वतःच काढायला लावला होता. "तीन पट्ट्यांचा फोटो कसला लावतेस? कॅप्टन झालो की लावू," असं तो म्हणाला, आणि आईने ऐकलं. पण मत्सराला स्मरणशक्ती फार थोडी असते. ग्युसोकच्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं होतं की आईने थोरल्याला उतरवून धाकट्याला चढवलं.

छुसकच्या, म्हणजे पितरांना नैवेद्य दाखवायच्या सुगीच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"येतोयस ना रे? मासळीवाल्या ओक्सुन मावशीने मोठा मासा ठेवलाय उद्याच्या पूजेला."

"येतोय. दुपारचं विमान माझ्याचकडे आहे. जेजूला उतरलो की सुट्टी."

"इनसोकपण तेवढ्यातच येतोय म्हणाला, स्वतःच विमान घेऊन. मावशी म्हणते, एका आईची दोन पोरं एकाच वेळी आकाशात, नशीब काढलंस."

"माझं विमान मी कुठे चालवतोय, आई? मी शेजारी बसतो. तेही सांग मावशीला."

"असं काय बोलतोस सणाच्या तोंडावर?"

"बरं, ठेवतो."

सणाची गर्दी म्हणजे विमानात तीळ टाकायला जागा नव्हती. कॅप्टन मा विमान चालवत होते. साठीला आलेले, थोडक्यात बोलणारे गृहस्थ. रेडिओचं काम ग्युसोककडे होतं. जेजूच्या जवळ आल्यावर हाल्ला डोंगरावरून वारा घसरायला लागला. तो तसा वर्षभर घसरतो, पण त्या दुपारी काहीतरी बिनसलं होतं. टॉवरने वाऱ्याचा इशारा दहा मिनिटांपूर्वी मागे घेतला होता. धावपट्टी स्वच्छ दिसत होती.

पाचशे फुटांवर विमानाच्या खालून कुणीतरी सतरंजी ओढावी तसं झालं. वेगाचा काटा झपकन वीसने खाली आला. मागे प्रवासी ओरडले. कॅप्टन मांनी इंजिनं फुल्ल केली, विमान क्षणभर लोंबकळलं, मग सावरलं आणि धाडकन टेकलं. वेग आणखी थोडा पडला असता तर धावपट्टीच्या अलीकडेच समुद्रात गेले असते.

अशा वेळी शेजारी बसणाऱ्याचं काम एकच: टॉवरला सांगायचं, म्हणजे मागून येणारा सावध होतो. त्यात कंपनी बघायची नसते. तिकिटांच्या दरावरून दिवसभर एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या या एका बाबतीत सख्ख्या असतात. ग्युसोकचा अंगठा रेडिओच्या बटणावर गेलाच होता. तेवढ्यात कानात आवाज आला.

"टॉवर, हानुल चारशे नऊ. धावपट्टी दिसतेय."

इनसोक. शांत, जरासा कंटाळलेला, अगदी कॅप्टनचा आवाज. ग्युसोकने तो आवाज आरशासमोर कितीदा काढून बघितला होता.

"हानुल चारशे नऊ, उतरायला परवानगी आहे," टॉवर म्हणाला.

ग्युसोकचा अंगठा बटणावरच राहिला.

त्याला भावाचं वाईट व्हायला नको होतं, हे शपथेवर. विमान पडावं असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की इनसोकचं विमानही असंच धाडकन आपटावं, चाक फुटावं, चौकशी बसावी आणि एक पट्टा उतरावा. फक्त एक. मग दोघे सारखे. मागे बसलेल्या दोनशे माणसांचा त्या हिशेबात त्याने विचारच केला नाही. त्याने पंखांच्या झडपा वर घेतल्या, दिवे बंद केले, यादीतलं एकेक काम नेमाने उरकलं. तोंड तेवढं उघडलं नाही. विमानाचा वेग कमी झाला, धावपट्टी संपत आली, कॅप्टन मांनी विमान बाजूच्या रस्त्याला वळवलं. वळताना खिडकीतून पलीकडे दोदूची छपरं दिसली. त्यातल्या एका छपराखाली आई आता झाकणावर हात ठेवून उभी असणार, हे त्याला माहीत होतं. नारिंगी शेपटीचं विमान यायच्या वेळेला ती तशीच उभी राहायची.

त्याने बटण दाबलं.

"टॉवर, थेसान. पाचशे फुटांवर वेग वीसने पडला. फार वाईट वारा आहे. मागच्या विमानाला सांगा, उतरू नका."

"हानुल चारशे नऊ, वर जातोय," इनसोकचा आवाज लगेच आला. नारिंगी शेपटीचं विमान डोक्यावरून गर्जत वर चढलं आणि ढगात शिरलं. कॅप्टन मांनी एकदा ग्युसोककडे वळून बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. मग विमान जागेवर नेऊन उभं केलं. हातमोजे काढताना तेवढं म्हणाले, "घरी जा, यांग. जेव नीट."

वारा संध्याकाळपर्यंत थांबला नाही. इनसोकला समुद्रापलीकडे ग्वांगजूला उतरावं लागलं. प्रवाशांची बोलणी खाऊन त्याने रात्र तिथेच काढली.

सणाच्या सकाळी पूजेचं ताट मांडून झालं होतं. वडिलांचा फोटो, मासा, नासपती, तांदळाची दारू आणि जेजूच्या रिवाजाप्रमाणे स्पंज केक. पहिला पेला थोरल्याने ओतायचा. अख्ख्या वर्षात ही एकच जागा अशी होती, जिथे इनसोकचे चार पट्टे ग्युसोकच्या पुढे जाऊ शकत नव्हते.

"सुरू करूया ना, आई. आठ वाजले."

"थांब जरा. पहिल्या विमानाने निघालाय तो."

"थोरला घरात बसलाय आणि पूजा धाकट्यासाठी अडलीये. बाबांना काय वाटेल?"

"बाबांना घाई नाहीये," आई म्हणाली. "तुलाच आहे."

ग्युसोकच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काल रात्रभर त्याला झोप नव्हती, आणि आता या माणसाची वाटही बघायची!

साडेआठला इनसोक आला, कालच्याच चुरगळलेल्या गणवेशात. बूट काढता काढता त्याचं तोंड सुरू झालं.

"थेसानने आलो बरं का, दादा. रस फुकट देता तुम्ही! आमच्यात पाण्याचेही पैसे घेतात. म्हणून तुम्ही तोट्यात."

"हात धू आधी," ग्युसोक म्हणाला.

आईने इनसोकचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काल का रे नाही उतरलास? मी झाकण धरून उभी होते. विमान डोक्यावरून परत वर गेलं."

"दादाने वाचवलं, आई. वारा खराब आहे म्हणून त्यानेच रेडिओवर सांगितलं. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, घाबरट आहे, आणि उतरवलं असतं विमान. दादाचा आवाज ऐकला आणि सरळ वर गेलो."

आईचे डोळे भरून आले. तिने ग्युसोकच्या पाठीवरून हात फिरवला, दोनदा. "थोरला आहे तो," ती म्हणाली आणि रस्सा आणायला आत गेली. तो हात ग्युसोकला चटका बसावा तसा लागला.

त्याने दारूची सुरई उचलली. पेल्यापर्यंत नेली. ओतवेना. फोटोतले वडील समोर बघत होते.

"इनसोक," तो हळूच म्हणाला, "मला वेळेवर सांगता आलं असतं. टेकल्याबरोबर."

इनसोक त्याच्या मागे गुडघ्यांवर बसला होता. त्याने मनगटाची बाही खाली ओढून नीट केली.

"माहीत आहे मला, दादा. रेडिओवर तुझा आवाज मी आधीच ओळखला होता. तुमचं विमान कसं आपटलं ते मी बघत होतो, वरून सगळं दिसतं. आता सांगेल, आता सांगेल म्हणून वाट बघत होतो. वळणापर्यंत. मग वाटलं, वारा ठीकच असेल, नाहीतर दादा गप्प बसला नसता."

ग्युसोकला वळून बघण्याचं धाडस झालं नाही.

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"कशाला?" इनसोक म्हणाला. "ओत आता. बाबांचा रस्सा गार होईल."

आई वाफाळता वाडगा घेऊन आली. ग्युसोकने पेला भरला, धुपावरून तीनदा फिरवला आणि जमिनीवर कपाळ टेकलं. मागे इनसोकचंही कपाळ टेकल्याचा आवाज आला. रडू यावं, लाज वाटावी, भावाच्या गळ्यात पडावं, असं काहीबाही त्याला व्हायला हवं होतं. ते पुढे झालंही. पण कपाळ जमिनीला लागलेलं असताना ग्युसोकच्या मनात पहिलं आलं ते हेच, की माफ करणंसुद्धा याला आपल्याआधी जमलं.