मला दिसतात ते फक्त बघणारे

मी टीव्ही बोलतोय. जन्मभर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले, आज थोडं माझं ऐका.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या काचेवर काय चाललंय ते मला दिसत नाही. आवाज ऐकू येतो, चित्र दिसत नाही. तुमचं तोंड तुम्हाला दिसतं का? तसंच. मला दिसतात ती समोर बसलेली माणसं. तुम्ही मला बघता आणि मी तुम्हाला. फरक एवढाच, की तुम्ही मधेच उठून जाता.

माझा जन्म मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटात तारा भरल्या, पाठ बंद केली, खोक्यात घातलं. पुढे दुकानाच्या भिंतीवर माझ्यासारखेच कितीतरी टांगलेले होते, सगळ्यांच्या तोंडात एकच गाणं. तिथून मला व्हर्लिननं उचललं. फुटबॉल बघायला घेतोय म्हणाला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ऑर्डवे गावात, त्याच्या बैठकीच्या खोलीत मी भिंतीवर चढलो, तो आजतागायत तिथेच आहे.

घर खरं त्याच्या बायकोचं, लवॉनचं. व्हर्लिन त्यात राहतो, एवढंच. ही बाई शाळेची बस चालवते. भल्या सकाळी अंगणात बस गरम करायला लावते आणि शिव्या घालत बर्फ खरवडते. बोलायला फटकळ. बातम्या लागल्या की माझ्याशीच भांडते. "खोटं बोलतोय मेला! व्हर्लिन, बघ, डोळे बघ त्याचे!" व्हर्लिन म्हणतो, "हं." एवढंच. पण हं म्हणायच्या त्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत आणि त्या लवॉनला सगळ्या कळतात.

आमच्याकडे राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला माणूस आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात येऊन बसतो. त्याला पर्याय नाही. आणि पक्षाचा उमेदवार निवडताना आम्ही चिठ्ठीत मत लपवत नाही. शाळेच्या सभागृहात, ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. त्यामुळे इथे टीव्हीवर उमेदवारांची वादसभा बघायला बसलेला माणूस फक्त करमणूक करून घेत नसतो. उद्या आपण कुठल्या कोपऱ्यात उभे दिसणार, त्याचा विचार करत असतो.

त्या उन्हाळ्यात लवॉनच्या स्वयंपाकघरात कोरा बेकस्ट्रॉम आली होती. कुठल्यातरी लांबच्या राज्याची माजी गव्हर्नर. उमेदवारांच्या रांगेत सगळ्यात शेवटी. मी बंद होतो, पण बंद असलो म्हणून बहिरा नसतो, आणि स्वयंपाकघराला मधे भिंत नाही.

जेवण झाल्यावर कोरानं बाह्या सारल्या आणि भांडी पुसायला घेतली. लवॉन म्हणाली, "मला एकच हवंय. आमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करायला निघालेत. नवीन वर्षाला कुलूप लावणार. माझी मुलगी पोटुशी आहे, फेब्रुवारीत दिवस भरतात. तुम्ही वादसभेत तिथे वर उभ्या राहाल ना, तेव्हा ऑर्डवेचं नाव घ्या. देशानं ऐकू दे, मग बघू कुलूप कसं लावतात ते."

"वॉर्ड तर सगळीकडेच बंद होताहेत," कोरा म्हणाली. "तुम्ही एवढ्या पेटलात त्याचं कारण?"

लवॉन बराच वेळ एकच बशी विसळत राहिली. मग तिनं सांगितलं. मुलगी व्हायच्या आधी ती आणि व्हर्लिन शेजारच्या नेब्रास्का राज्यात होते, दुसऱ्याच्या शेतावर. जवळपास इस्पितळ नव्हतं. बर्फ पडत होता. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग व्हर्लिन गाडी हाकत होता आणि मागच्या बाकावर तिला मुलगा झाला. तो रडलाच नाही.

"म्हणून या गावात आलो," लवॉन म्हणाली. "शेत बघितलं नाही, घर बघितलं नाही. इस्पितळ बघितलं. हे गावात कुणाला माहीत नाही. मुलीलाही नाही. गरज पडली तर बोला, पण माझं नाव घ्यायचं नाही."

"नाव नाही घेणार," कोरा म्हणाली. मला वाटतं, तिनं ते मनापासून म्हटलं.

मग आली ती वादसभेची संध्याकाळ. लवॉननं बटाटे चीज घालून भाजले, हॅमचे, म्हणजे डुकराच्या खिम्याचे, गोळे केले, कॉफीचं मोठं भांडं भरलं. शेजारचा डेल्मर आला. जन्मभर बियाणं विकलं, आता सगळ्यांना सल्ले वाटतो. त्याची बहीण आर्लिस आली, चर्चचा ऑर्गन वाजवते आणि लोकांची खिल्लीही तितक्याच सफाईनं उडवते. मुलगी जनेल आली, पोट सांभाळत सोफ्यात रुतून बसली. व्हर्लिन आपल्या खुर्चीत.

माझ्या तोंडात तेव्हा दहा उमेदवार होते. दहा! एक बोलायला लागला की दुसरा तोडायचा, तिसरा हसायचा, मधेच घंटा वाजायची. माझ्या भोंग्याला घाम फुटायची वेळ आली. मला दिसत होती ती पाच तोंडं. ती बघून कोण काय बोललं असेल ते मी ताडत होतो.

"हा तो कणीसवाला!" डेल्मर ओरडला. "जत्रेत आला होता. माझ्या डोळ्यांदेखत कणसाचे दाणे सुरीनं सोलले आणि काट्यानं खाल्ले. असल्याच्या हातात देश द्यायचा?"

"तू त्याला मत देणार होतास ना रे?" आर्लिसनं विचारलं.

"कणसाच्या आधी."

"काका, तो शेतकऱ्यांच्या विम्याबद्दल बोलतोय, ऐका तरी," जनेल म्हणाली.

"पोरी, ज्याला कणीस कळत नाही त्याला विमा काय कळणार?"

सूत्रसंचालकानं फर्मावलं, अमक्याला पाठिंबा असेल त्यांनी हात वर करा. दहाजणांनी काय केलं मला ठाऊक नाही, पण आर्लिसचा हात वर गेला. मग तिच्या लक्षात आलं. तिनं तोच हात केसांवरून फिरवला. डेल्मर हसून हसून खोकला.

लवॉन हसत नव्हती. खुर्चीच्या टोकावर, गाडी चालवताना बसते तशी बसली होती. सारी सभा सरत आली आणि कोराचा आवाज जेमतेम एकदा आला होता, तोही घंटेनं कापला.

"तुझी बाई घरी गेली का गं?" आर्लिस म्हणाली. "की तिला गाड्या लावायला पाठवलंय?"

"थांब जरा," लवॉन म्हणाली.

शेवटी प्रत्येकाला एक मिनिट दिलं. कोराचा नंबर सगळ्यांच्या मागून आला. तिनं ऑर्डवेचं नाव घेतलं. लवॉननं मूठ आवळून गुडघ्यावर मारली आणि व्हर्लिनकडे बघितलं. बघ, मी सांगितलं होतं की नाही!

पण कोरा थांबली नाही. "मी त्या स्त्रीचं नाव सांगणार नाही," माझ्या तोंडून तिचा आवाज निघाला. "ती त्या गावात शाळेची बस चालवते. एके काळी नेब्रास्कातल्या बर्फात, बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे, गाडीच्या बाकावर तिचा पहिला मुलगा जन्मला आणि गेला. आता तिची मुलगी..."

गावात शाळेची बस चालवणारी बाई एकच आहे. मोठ्या शहरातून आलेल्या माणसाला वाटतं, नाव झाकलं की माणूस झाकला. ऑर्डवेत अंगणातल्या बसचा रंग सांगितला तरी पुरतो.

त्या क्षणी माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळी तोंडं लवॉनकडे वळली होती. डेल्मरच्या काट्याला लावलेला गोळा ताटात परत पडला. जनेलचा हात पोटावर होता तिथेच राहिला. टाळ्या माझ्यातून वाजतच राहिल्या, कुणी माझा आवाज बंद करीना. मला लाज वाटली. माझ्याच तोंडून गेलं होतं ते.

आमच्या इकडची माणसं अशा वेळी काही बोलत नाहीत. बोलायचं शिकलेलीच नाहीत. डेल्मर उठला. स्वतःच्या कपासाठी जो कधी जागचा हलला नाही, त्यानं जाऊन कॉफी ओतली आणि कप लवॉनच्या हातात ठेवला. "गरम आहे," म्हणाला. आर्लिस स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मग दोघं कोट घालून दारात हवापाण्यावर बोलत खूप वेळ उभी राहिली आणि गेली.

जनेल म्हणाली, "आई, म्हणजे मी दुसरी?"

"हो."

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुझं बाळ सुखरूप झालं की. त्याआधी भीती कशाला घालू तुला?" लवॉन उठली. "मरू दे. बटाटे ने घरी. उरलेत."

जनेल गेल्यावर तिनं कोराला फोन लावला. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

पलीकडे काहीतरी बोलणं झालं.

"नाही घेतलं, बरोबर. बाई, नाव तेवढं सोडून बाकी सगळं घेतलंत तुम्ही!"

व्हर्लिन खुर्चीत होता. "हं," म्हणाला. ही तऱ्हा मी कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून, घरात कुणी गेलं की इकडे आणतात तशी, दारात झाकलेली पातेली यायला लागली. भात, नूडल्स, पुन्हा बटाटे. लवॉन आत आणून आपटायची. "माझं पोर जाऊन जन्म लोटला आणि आता यांना बटाटे सुचतात!" पण टाकलं एकही नाही. सगळं खाल्लं, भांडी घासून ज्याची त्याला परत दिली, आणि प्रत्येक दारात सांगितलं, "इस्पितळाच्या मंडळाची बैठक आहे. तिथे या. बटाटे आणू नका, स्वतः या."

व्हर्लिनला तिनं चल म्हटलं. तो म्हणाला, "मला नाही जमायचं." तिनं एकदाच विचारलं. कोट चढवला आणि गेली.

मंडळाची बैठक गावच्या केबलवर दाखवतात. एरवी ती बघायला कुत्रं नसतं. त्या संध्याकाळी व्हर्लिननं मला लावलं आणि खुर्ची जवळ ओढली. जनेल आली, सुजलेले पाय उशीवर ठेवून बसली. कुणीतरी खोकलं, कागद वाजले, एक माणूस खर्चाबद्दल लांबलचक वाचत राहिला. आणि मग माझ्या पोटातून लवॉनचा आवाज निघाला. माझ्याशी इतकी वर्षं भांडणारा आवाज.

"माझं नाव लवॉन. टीव्हीवरची ती बाई मी. तिनं नाव सांगितलं नाही, मी सांगते. मला तुमची कीव नको. तिनं एक मिनिटात उरकलं, कारण तिला तेवढंच दिलं होतं. मी सावकाश सांगणार आहे, आणि मधे घंटा वाजवली तर ती घंटा मी घरी घेऊन जाईन."

हशा झाला. मग तिनं सांगितलं. रस्ता सांगितला, वारा सांगितला, बाकाचं कापड सांगितलं. व्हर्लिननं काय केलं ते सांगितलं: गाडी थांबवली, स्वतःचा सदरा काढला आणि त्यात मुलाला गुंडाळलं, त्या थंडीत.

मी व्हर्लिनकडे बघत होतो. मला दुसरीकडे बघता येतच नाही. फुटबॉलमध्ये आपला संघ हरला तरी ज्याचं तोंड हलत नाही, त्याची हनुवटी हलत होती. तो माझ्याकडेच बघत म्हणाला, "केस होते त्याला. काळेभोर."

जनेलनं वळून बापाकडे बघितलं. "माझ्यासारखे?"

"हं," व्हर्लिन म्हणाला.

आत माझ्यात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. डेल्मर ओरडून काहीतरी विचारत होता. म्हणजे आला होता तर. मंडळानं त्या दिवशी कुलूप पुढे ढकललं. उन्हाळ्यापर्यंत बघू म्हणाले. फेब्रुवारीत जनेलला मुलगी झाली, त्याच वॉर्डात, घरापासून गाडी नीट गरमही होत नाही एवढ्या अंतरावर.

कोरा बेकस्ट्रॉम त्याच्या कितीतरी आधीच शर्यतीतून बाहेर पडली होती. जाताना तिनं फोन केला. लवॉन म्हणाली, "राग गेलेला नाही. पण फोन उचललाय, एवढं लक्षात ठेवा."

आता उन्हाळा संपत आलाय आणि वॉर्डाचा विषय पुन्हा निघालाय. मंडळाच्या एका खुर्चीसाठी निवडणूक लागली आहे. अर्ज सहाजणांनी भरलेत, त्यातली एक लवॉन. येत्या गुरुवारी सहाहीजणांची वादसभा शाळेच्या सभागृहात आहे, गावच्या केबलवर दिसणार आहे. डेल्मर म्हणतो, "आधी कणीस कसं खाते ते बघू, मग मत देऊ." लवॉन बस चालवताना भाषण घोकते. पोरांना म्हणे सगळं पाठ झालंय.

माझं म्हणाल तर मी थकलोय. काचेवर उभी काळी रेघ आली आहे. सगळे तक्रार करतात, मला ती दिसत नाही. आवाज मधेच चिरकतो. व्हर्लिन नवा टीव्ही बघून आलाय, माझ्याहून मोठा आणि कागदासारखा पातळ. तो शनिवारी आणणार म्हणतात. मला तळघरात ठेवतील नाहीतर रस्त्याकडेला, कुणीतरी उचलून नेईल. तक्रार नाही.

फक्त व्हर्लिन, नवा टीव्ही आणायला गाडी दोन दिवस आधी काढू नकोस. गुरुवारी तू सभागृहात मागच्या बाकावर बसणार नाहीस, मला माहीत आहे. तू या खुर्चीत बसशील, नातीला मांडीवर घेऊन. लवॉनचा नंबर येईल, ती बोलायला लागेल. त्या वेळी तुझ्यासमोर कुणीतरी ओळखीचं असायला हवं.