क्रेनवालीचं पोट

बांधकामावर तिला सगळे क्रेनवाली म्हणत. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ती लोखंडी गजांचे भारे आणि काँक्रीटच्या बादल्या उचलून जागच्या जागी ठेवायची. हात इतका हलका की बादली टेकल्याचं कळतसुद्धा नाही, असं गवंडी कौतुकाने सांगत. केबिनमध्ये पंखा होता, पाण्याची बाटली होती, वॉकीटॉकी होता. नव्हतं ते फक्त शौचालय. ते खाली, लांबलचक शिडी उतरल्यावर. आजवर त्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग तिची अक्कलदाढ सुजली. डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. दाढ गप्प बसली आणि पोटाने दंगा मांडला. ती शिडी उतरायची, चढायची, घाम पुसते न पुसते तोच पुन्हा उतरायची. तोवर गवंडी थापी हातात धरून आभाळाकडे बघत बसायचे. कोणी विचारलं तर ती म्हणायची, जरा काम होतं. एवढ्या पुरुषांत सांगणार तरी काय? तिने गोष्ट पोटात ठेवली. बाकी पोटात काही राहतच नव्हतं.

क्रेनवालीला उंचीची भीती बसली, अशी कुजबुज सुरू झाली. साइट इंजिनियर भला माणूस. त्याने काळजीपोटीच तिला सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून तिने खाली गोदाम सांभाळावं.

त्या संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली. धाकटी नणंद प्रयोगशाळेत जंतू वाढवायचं काम करायची, म्हणून घरात तिला जंतूताई म्हणत. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा वहिनीने सगळं सांगून टाकलं. नणंद आधी खूप हसली आणि मग तिने वहिनीला डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या मध्येच सोडू नका, पाणी भरपूर प्या, ताप आला किंवा रक्त दिसलं तर लगेच या. आणि प्रोबायोटिक घेऊन बघायला हरकत नाही. नणंद औषधाच्या दुकानातून बोटाएवढ्या बाटल्या घेऊन आली.

वहिनीने एक बाटली उजेडात धरली. "जंतू मारायला गोळी, आणि वर जंतूच प्यायचे? हा कुठला न्याय गं?"

"गोळीला आपला-परका कळत नाही," नणंद म्हणाली. "सुक्याबरोबर ओलंही जळतं. हे जंतू मात्र टणक कवचात झोपलेले असतात. बीजाणू म्हणतात त्यांना. पोटातल्या आम्लातून सुखरूप निघतात आणि आतड्यात पोचले की जागे होतात."

"आणि नाही जागे झाले तर?"

"सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, वहिनी. पण बघ घेऊन."

वहिनीने बाटली तोंडाला लावली. चव पाण्यासारखीच, त्यामुळे आपल्याला फसवलं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोट अजून कुरकुरत होतं. दुपारी वॉकीटॉकीवर कोणीतरी म्हणालं, खाली बघू नकोस, चक्कर येईल. तिने हुक रिकामा केला, यंत्र थांबवलं आणि बटण दाबलं. आपलं बोलणं सगळ्या साइटला ऐकू जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"साहेब, मला उंचीची भीती नाही. माझं पोट बिघडलंय. बरं वाटेपर्यंत सुट्टी द्या, पण माझी क्रेन काढून घेऊ नका."

वॉकीटॉकी खरखरला. मग मुकादमाचा जाड आवाज आला, "माझंही तसंच असतं बाई. म्हणून तर मी वरच्या मजल्यांवर जात नाही." सगळीकडून हसू फुटलं. त्यात तिचंही होतं. इंजिनियरने गोदामाचा विषय तिथेच संपवला आणि तिला घरी पाठवलं.

हळूहळू शिडीची भीती गेली, म्हणजे उतरायची. ती कामावर परतली आणि गच्चीवरची अवजड टाकी तिनेच चढवली, मध्ये एकदाही न उतरता. घरी येऊन तिने नणंदेला विचारलं की हे तिच्या जंतूंनीच केलं का. नणंद म्हणाली की त्यांचा हात असेल, पण गोळ्याही संपल्या होत्या, त्यामुळे छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

वहिनीला हे उत्तर आवडलं नाही. सुट्टीच्या दिवशी तिने नणंदेला साइट दाखवायला नेलं. जंतूताई येणार हे ऐकून मुकादम फाटकाशीच हेल्मेट काढून उभा होता. त्याने नणंदेला बाजूला घेतलं आणि आवाज एकदम खाली आणून आपल्या पोटाची कहाणी सुरू केली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली आणि त्याला डॉक्टरांचा पत्ता दिला.