सहावी पिन

पाच.

नलिनीने पुन्हा मोजल्या. मिसळणाच्या डब्यातल्या मधल्या वाटीत पितळी पिना होत्या पाच. हव्या होत्या सहा. आणि उघड्या डब्याला टेकून, तोंडातून लाळ गाळत बसलेली तिची दहा महिन्यांची सोनल खोकत होती.

बोट तापीच्या ऐन मध्यावर होती. अलीकडे घर, पलीकडे शिरपूरचा रस्ता. सोनलला डोस पाजायला न्यायचं म्हणून नलिनी निघाली होती; सोबतीला शेजारच्या लताबाई, आणि मागे इंजिनापाशी झिपरूआबा, तिचे चुलतसासरे.

डबा तिचाच, रुखवतातला. गेल्या महिन्यात बोटीच्या इंजिनाच्या पंख्याची पिन भर पाण्यात तुटली. दुसरी होती, पण तेलकट गोणपाटात पान्यांखाली कुठेतरी. ती सापडेपर्यंत बोट कोसभर वाहत गेली. घरी आल्यावर नवऱ्याने, अभिमनने, हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी बोटीत बसून तिने सगळं लावून काढलं: पाने लहानमोठे फळीला टांगले, नट, वायसर, पिना डब्यातल्या वाट्यांत, झाकणाच्या आत कागदावर आकडे. धुळ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत लावायची तसं. पितळी पिना कालच नव्या आल्या होत्या, सहा.

"काय व्हयनं वं?" लताबाई म्हणाल्या.

"हिने पिन गिळली."

नलिनीने पोर मांडीवर पालथी घेतली आणि पाठीत थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. दूध आलं, सकाळची भाकरी आली. पिन आली नाही. सोनलने टाहो फोडला. रडते आहे म्हणजे श्वास चालू आहे, नलिनीने स्वतःला सांगितलं. पण पोटात? बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांना कापलेली.

"केळं चारी दे. खाल उतरी जाई."

"काही चारायचं नाही!" ती ओरडली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "लताबाई, आबांना सांगा, जोरात घ्या. दवाखान्यात जायचंय."

आबा दोन हातांवर होते. पण लग्नाला तीन वर्षं झाली तरी ती त्यांच्याशी समोरून बोलली नव्हती. त्यांच्या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. निरोप अभिमन न्यायचा, तो नसला की जो जवळ असेल तो.

"आबा, सून म्हनस, जोरमा ल्या."

आबांनी इंजिन वाढवलं. बोट थरथरली, डब्यातल्या वाट्या वाजू लागल्या. त्यांची नजर मात्र पाण्यावरून हलेना. थोड्या वेळाने ते लताबाईंकडे बघून म्हणाले, "सुनले सांग, पोरनी पिन काही गियेल नही."

"म्हनतस, गियेल नही."

"त्यांना काय माहीत? विचारा."

लताबाईंनी विचारलं. आबा इंजिनाशी खुडबुडू लागले.

नलिनी पोरीला घेऊन उठली. बोट कलली तशी लताबाईंनी तिचं लुगडं धरलं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. तिने तो सावरला नाही.

"आबा, माझ्याकडे बघा. तुम्हाला काय माहीत?"

आबांचा हात इंजिनावर गेला आणि ते बंद पडलं. एकदम शांतता. बोट हळूहळू आडवी होऊ लागली.

"पिन मी लिधी, पानीमा टाकी दिधी," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "सकाय. तू पोरले चढाई राहिंती तवय. नवं सामान उनं का त्यामाईन एक तापीमायले देतस आम्ही. मन्हा बाप देये, मी बी देस."

"डबा मी लावलाय. मी मोजते, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"व्हतं."

"मग सांगायचं ना!"

"कसं सांगतू? तू बोलस का मन्हासंगे?"

लताबाईंना हसू आलं; त्यांनी ते पदरात दाबलं.

नलिनी आबांचा चेहरा बघत राहिली. म्हातारा खरं बोलतोय, की तिची तगमग बघवेना म्हणून? विश्वास ठेवणं इतकं सोपं होतं की त्याचीच तिला भीती वाटली. सोनल मुठीत तिची पोत धरून हुंदके देत होती.

"पोटाचा फोटो काढायचा," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलता म्हणून नाही. मला बघायचंय."

"काढूत. मी बी येस."

त्यांनी इंजिनाचा दोर ओढला. पहिल्या खेपेला ते लागलं नाही.

शिरपूरला डॉक्टरांनी एक्स-रेची काळी फिल्म खिडकीशी धरली. बोटभर बरगड्या, मणक्याची बारीक माळ, पोटात वाऱ्याचे ढग. पितळेचा कण नाही. नलिनीने त्यांना फिल्म परत धरायला लावली, वरून खालपर्यंत पाहिली, मग बाहेर आली.

पायरीवर आबा टोपी हातात घेऊन उभे होते, शेजारी लताबाई. तीन तास गिळलेला राग आता कुठे वर आला. तिने तो लताबाईंमार्फत पाठवला नाही.

"आबा, तुम्ही चुकलात."

"हौ बेटा," आबा म्हणाले. "चुकनू."