चढतं पाणी

वाटूरजवळच्या शेततळ्याच्या काठावर चिन्मयी येऊन उभी राहिली. वारा पडला होता. पाणी कंबरेएवढंच उरलं होतं, आणि एका कोपऱ्यात गोळा झालेले रोहू वर तोंडं काढून नुसते आ वासत होते.

"कालव्याला पाणी सुटलंय," राधेश्यामकाका मोटारीचा पाइप तळ्याकडे ओढत म्हणाले. "आता मोटार लावतो. मंग बघ कसे तरारतेत."

"काका, एकदम नका सोडू."

"पाण्यावाचून मरून राह्यलेत, अन् तू पाणी सोडू नको म्हणतीस?"

चिन्मयी विद्यापीठात जीवाश्मांचा अभ्यास करायची. "तुमच्या देवघरातल्या शाळिग्रामात चक्र आहे ना, तो अमोनाइट. समुद्रातला जीव. समुद्र मागे हटला की किनाऱ्याची उथळ जागा आटायची, त्यांच्या जातीच्या जाती संपायच्या. पाणी परत चढलं की उरलेल्यांतून नव्या जाती निघायच्या, दूरवर पसरायच्या. पण कधी कधी चढत्या पाण्याबरोबर खोलातलं प्राणवायू नसलेलं पाणी वर यायचं. तेव्हा ते गुदमरूनच मरायचे."

"अन् शेवटी?"

"शेवटी आकाशातून उल्का कोसळली. तेव्हा एकही जात टिकली नाही. काका, या तळाला काळा गाळ साचलाय. तो ढवळला तर..."

काका थोडे घुटमळले. "तुझा समुद्र येगळा, माझं तळं येगळं," म्हणत त्यांनी बटण दाबलंच.

पाण्याचा लोट तळावर आदळला. काळा ढग उसळून कोपऱ्याकडे सरकला आणि नासक्या अंड्यांसारखा वास सुटला. मासे सपासप उड्या मारू लागले.

"बघ, कसे खूश झाले!" आवाज ऐकून काठावर आलेल्या उषाकाकू टाळी वाजवून म्हणाल्या.

"खूश न्हाई काकू, ते पळून राह्यलेत!" शहरात घोटलेली भाषा सुटून चिन्मयीच्या तोंडी गावची बोली आली. तिनं धावत जाऊन मोटार बंद केली. उड्या थांबल्या. मग एक पांढरं पोट वर आलं. पाठोपाठ दुसरं.

काका कपड्यांसकट तळ्यात उतरले. एकेक मासा उचलून ते हलवून बघत होते. चिन्मयीनं पाइप काठावर उंच बांधला, पाण्यात हवा मिसळावी म्हणून बारीक धार करून पुन्हा पाणी सोडलं. धारेखाली चारदोन मासे येऊन थबकले. त्यांचे कल्ले हलत होते.

"एवढे तरी वाचतील ना, चिमू?" काकांनी विचारलं.

चिन्मयीनं पाण्याकडे बघितलं. काळा ढग अजून पसरतच होता, हळूहळू, धारेच्या दिशेनं.